तुझ्या नमुन्यावरून

हुडको, भिलाई
रविवार, दुपार

प्रिय सुनिता,

ब्लॉग फुकट असतो, असं आमच्या उर्वीने सांगितलं होतं आणि मी पोरीच्या बोलण्यावर विश्वास ठेवला. प्रत्यक्षात तो मला एवढ्याला पडला: चष्म्याचा नंबर वाढला, रविवारची दुपारची झोप गेली, हथखोजच्या माझ्या वर्कशॉपमधले दोघं जण माझ्यासमोर बोलेनासे झाले (सेठ लिहून टाकतील म्हणून), आणि आईचं एक मरण. घाबरू नकोस. आई ठणठणीत आहे. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसली आहे आणि मघापासून विचारून राहिली आहे की एवढं कोणाले लिहितं बाप्पा. मी सांगितलेलं नाही.

तू ब्लॉग थांबवल्यापासून तुला लिहीन लिहीन म्हणत होतो. फोन केला असता तर मी इकडचं तिकडचं बोलून ठेवून दिला असता, हे तुला ठाऊक आहे. एका भिंतीच्या दोन बाजूंना वाढलो आपण. प्लांटच्या क्वार्टरमधली ती भिंत एवढी पातळ की तुझे पाढे ऐकून माझे पाठ झाले. पुढे तू शिकून नाशिकला मास्तरीण झालीस, मी आयटीआय करून लेथवर उभा राहिलो. मला पुस्तकांनी कमी आणि कानांनी जास्त शिकवलं. आजही मशीन बिघडायच्या आधी मला तिचा आवाज बदललेला कळतो. म्हणूनच तुझं लिखाण पहिल्यांदा मोबाइलवर वाचलं तेव्हा मी ते वाचलं नाही, ऐकलं. गुलाबमावशी बोलत होती. तुझी आई जाऊन किती वर्षं झाली, पण तोच आवाज, तोच ठसका.

तरी खरं सांगतो, मी पहिली नक्कल तुझी केली नाही. मला वाटलं, लिहायचं तर मोठ्या माणसासारखं. पुण्याचे एक गृहस्थ ब्लॉग लिहितात, फार सुंदर. त्यांची प्रत्येक गोष्ट गॅलरीत कॉफी पिताना सुरू होते. मीही केली. संध्याकाळची कोवळी उन्हं, हातात वाफाळती कॉफी, खाली गुलमोहर. चंदाला, म्हणजे बायकोला, वाचून दाखवलं. तिने पोळी लाटता लाटता विचारलं, "आपल्या घरी गॅलरी कोठी हाय? अन् कॉफी कधी पेली जी तुम्ही? मागं एका लग्नात पेली त रातभर पोट धरून बसले होते." उर्वीचं मत एवढंच, "पापा, ये आप नहीं हो." ती लेखनाची शाखा तिथेच बंद झाली.

मग तुला धरलं. धरलं म्हणजे कसं, तर तुझा एकेक लेख एका बोटाने पुन्हा टाइप करायचा. नुसतं वाचून हात शिकत नाही. टाइप करताना कळतं की ही बाई इथे थांबली, इथे मुद्दाम साधा शब्द घेतला, इथे रडू येण्याजोगं होतं तर भांडी घासायला निघून गेली. महिनाभर तेच केलं. मग तुझी वाक्यं ठेवून आतला माल माझा भरायला लागलो. तुझी पायरी तिथे माझा उंबरा, तुझी शाळा तिथे माझं वर्कशॉप. आणि बाई, काय हात बसला म्हणून सांगू! आपली तारीफ आपणच करू नये, पण तुझा परिच्छेद आणि माझा परिच्छेद शेजारी ठेवला तर कोणाची माय ओळखून दाखवेल तर मी लेथ विकून टाकीन, असं मी चारचौघांत म्हणत असे.

आता आईचं मरण. धंद्याच्या सुरुवातीला जामुलचा एक ट्रकवाला झिजलेला बुश, म्हणजे दांड्यावर बसणारी धातूची नळी, घेऊन आला होता, असाच नवा करून दे म्हणून. मी केसभरही फरक न ठेवता केला. त्याने गाडीत बसवला आणि परत येऊन म्हणाला, "भैया, ये तो आपने पुराना ही बना दिया. पुराना तो मेरे पास था." नमुना जिथे झिजला होता तिथे मी नव्याचीही झीज करून दिली होती. तेव्हा शिकलेलं मी लिहिताना विसरलो. तुझ्या एका लेखात गुलाबमावशीची छत्री खुंटीला लटकलेली आहे आणि तिला कोणी हात लावत नाही. मी छत्रीच्या जागी आईची पिशवी लटकवली, ज्यात ती बाबांचा डबा प्लांटच्या गेटवर न्यायची. बाकी माप तुझंच ठेवलं. "आता ती पिशवी कोणी उतरवत नाही," हे शेवटचं वाक्यही. आमच्याकडे ती उतरवत नाहीत कारण तिच्यामागे भिंतीचा पोपडा गेला आहे.

उर्वीने ते समाजाच्या ग्रुपवर टाकलं. दुसऱ्या दिवशी सकाळी पांढऱ्या साड्यांतल्या बाया फाटकात. एक जण चंदाच्या गळ्यात पडून रडायलाच लागली. नागपूरहून फोन, पुण्यानुमोदन कधी ठेवलं म्हणून. आणि आमच्या मातोश्री रुक्माबाई अंगणात सांबार, तुमच्या नाशिकची कोथिंबीर, निवडत बसलेल्या! तिने सगळ्यांना नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "बसा वं. मी गेली असन त गेली, चहा त पेऊन जा." संध्याकाळी मला समोर बसवलं. वाटलं, आता काही खरं नाही. तर म्हणते, "मले कावून मारलं रे? अन् येवढं चांगलं लिवलं त आधी मले वाचून दाखवाले काय झालं होतं?"

तिला वाचता येत नाही, तुला माहीत आहे. मी ते वाचून दाखवलं, मग ज्यावरून केलं तो तुझा लेख वाचला. माझ्या वेळी ती ऐकत होती. तुझ्या वेळी ती पुढे सरकून बसली. त्या दिवसापासून दर रविवारी दुपारी तुझा एक लेख. हळूहळू शेजारच्या दोघी-तिघी येऊन बसायला लागल्या. संपलं की आई त्यात भर घालायची. तू लिहिलेलं अर्धं आणि आईचं अर्धं ऐकून ऐकून मला माझं लिहिणं सापडलं. आता मी लेथवर लिहितो, ट्रकवाल्यांवर लिहितो, घरात बोलतो त्या बोलीत लिहितो, आणि दुर्ग-रायपूरची आपली माणसं वाचून मला फोन करतात. हे सगळं तुझ्या नमुन्यावर झालं. त्याचे आभार मी कधी मानले नाहीत, ते आज मानतो, आणि हात जोडून मानतो.

मार्चमध्ये तू लिहिलंस की आता थांबते, वाचणाऱ्यांचा आकडा दोन-तीनच्या पुढे जात नाही. त्या दोन-तीनमधला एक मी होतो, आणि माझ्यामागे एक भरलेला व्हरांडा होता, तो तुझ्या आकड्यात आला नाही. आईला मी सांगितलंच नाही की तू थांबलीस. वाटलं, हातात हुनर आहे, म्हातारीचा हिरमोड कशाला. तुझे जुने लेख संपले तसा मीच तुझ्या नावाने लिहून वाचायला लागलो. आता तुला माहीत नसलेली गोष्ट सांगतो. तुझ्या लेखात गुलाबमावशी भिंतीपलीकडून शेगडीसाठी विस्तव मागते, "अवं रुक्मा, इस्तो हाय का वं?", तेव्हा आई खुर्चीतून मोठ्याने ओ देते, "हाय वं, ये!" पहिल्यांदा मी घाबरलो. तर मलाच म्हणाली, "गुलाब गेली हे मले मालूम हाय. पन हाक आली त ओ द्याच लागते." त्या क्वार्टरांच्या ओळीतलं आता तिला हाक मारणारं कोणी उरलं नाही. म्हणून सांगतो, लिही. महिन्यातून एकदा लिही, चार ओळी लिही, आकड्याकडे पाहू नकोस. गेल्या रविवारी मी लिहिलेल्या लेखात मावशीची हाक घातली होती. तीच भिंत, तोच इस्तो, शब्दसुद्धा तेच. हाक वाचून मी थांबलो, चांगला वेळ दिला. आईने ओ दिली नाही.

तुझाच, भिंतीपलीकडचा,
नागसेन