पहिलीच तळटीप: तत्रैव

मी, खाली सही करणारी, ‘अभ्यासकौशल्ये व संशोधनपद्धती’ या सक्तीच्या विषयाची निवृत्त प्राध्यापिका, अविवाहित, राहणार याच घरात, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसं लेखी दिलं असून तो कागद सोबत जोडला आहे, कारण पुराव्याशिवाय विधान करू नये असं मी जन्मभर इतरांना सांगत आले. माझ्यावर कुणाचंही दडपण नाही. घरात माझ्याशिवाय राहते ती फक्त भाची, आणि ती आत्ता माझी फाईल घेऊन हॉस्पिटलात गेली आहे. उद्या माझ्या पोटाचं ऑपरेशन आहे. काळजीचं काही कारण नाही, असं सर्जन म्हणतात. त्यांचा पहिल्या वर्षाचा पेपर मी तपासला होता आणि त्यांनी सगळी उत्तरं पाठ करून लिहिली होती, म्हणून हे मृत्युपत्र.

यापूर्वी मी एकही मृत्युपत्र केलेलं नाही. म्हणजे हा पहिला मसुदा आणि हाच शेवटचा. विद्यार्थ्यांना मी असं कधी करू दिलं नाही.

कलम १. माझी स्थावर मालमत्ता म्हणजे हे वरच्या मजल्यावरचं घर: दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि मागच्या खोलीत खिडकीला लावलेलं लांब टेबल. खाली दातांचा दवाखाना आहे, त्यामुळे सकाळी यंत्राची घरघर ऐकू येते. वारसाने तक्रार करू नये, सवय होते. घर मी माझ्या पगारातून घेतलं आहे आणि त्यात वडिलोपार्जित काही नाही.

कलम २. बँकेतल्या शिलकेतून हॉस्पिटलचं बिल भागवून उरेल ते कॉलेजच्या ग्रंथालयाला द्यावं. मात्र त्यातला एक छदामही पुस्तकांवर खर्च होऊ नये. पुस्तकं भरपूर आहेत आणि अगदी नव्यासारखी आहेत. या पैशातून दारापाशी एक माणूस बसवावा. कुणी विचारलं की अमुक गोष्ट कुठे शोधू, तर त्याने उठून कपाटापर्यंत सोबत जावं, एवढंच त्याचं काम. माझ्या नावाची पाटी कुठेही लावू नये. पाटी लागली की तिच्यासमोर फोटो काढतात आणि माणूस नेमायचं राहून जातं.

कलम ३. हत्यारं-अवजारं पुढीलप्रमाणे.

टिपणांच्या कार्डांचं लाकडी कपाट भाचीला. कार्डं कशी लिहायची हे तिला ठाऊक आहे: एका कार्डावर एकच मुद्दा, कोपऱ्यात पुस्तकाचं नाव आणि पान. हे मी हजारो मुलांना सांगितलं असेल. त्यांनी एका कार्डावर अख्खं प्रकरण बारीक अक्षरात उतरवलं आणि परीक्षेला खिशात घालून आणलं, म्हणजे सगळंच वाया गेलं असं म्हणता येत नाही.

टेबलावरचं गजराचं घड्याळ विभागप्रमुखांना. ‘थोडक्यात सांगायचं तर’ असं म्हणून ते सुरुवात करतात आणि तास संपल्याची घंटा त्यांना थांबवते. सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरच्यांना याचा उपयोग होईल.

पिवळ्या हायलायटरचा डबा माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला. त्याने पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत रंग दिला होता. महत्त्वाचं तेवढंच रंगवायचं असतं, असं मी सांगितल्यावर तो म्हणाला, सगळंच महत्त्वाचं वाटलं. आता तो वर्तमानपत्रात आहे आणि सगळ्याच बातम्या ठळक छापतो.

कोऱ्या कागदांचं न फोडलेलं पाकीट माझ्या सहकारी बाईंना. प्रत्येक परिसंवादात त्या तोच निबंध नवं शीर्षक लावून वाचतात. कधीतरी दुसरा लिहावासा वाटला तर कागदावाचून अडू नये.

कलम ४. माझा धाकटा भाऊ त्याच कॉलेजचा प्राचार्य आहे. मुलं पाठीमागे त्याला ‘तत्रैव सर’ म्हणतात. हे नाव कुठून आलं ते नव्या मुलांना माहीत नसावं, म्हणून इथे नोंदवून ठेवते. प्रबंधात एकाच ग्रंथाचा लागोपाठ हवाला द्यायचा असला, की दुसऱ्या खेपेपासून तळटीपेत नुसतं ‘तत्रैव’ लिहितात, म्हणजे ‘वर सांगितलं तिथेच’. माझ्या भावाच्या प्रबंधातली पहिलीच तळटीप ‘तत्रैव’ अशी आहे. वर काहीच नाही. वर आहेत फक्त आभार. दुसऱ्याच्या ग्रंथातून मधल्याच पानापासून उतरवायला घेतलं की असं होतं. मार्गदर्शकांच्या ते लक्षात आलं नाही, परीक्षकांच्याही नाही, आणि बांधणी करणाऱ्याने वर सोनेरी अक्षरं घालून दिली. मी मात्र ते वाचलं आणि जेवायला बसल्यावर सगळ्यांसमोर विचारलं, “तत्रैव म्हणजे कुठे रे?” त्यानंतर बराच काळ आम्ही एकमेकांशी आईमार्फत बोलत होतो.

भावाला मी वडिलांचा मोठा शब्दकोश देते. वडिलांनी तो आम्हा दोघांत मिळून घेतला होता. लहानपणी हा जमिनीवर पालथा पडून त्यात शब्द शोधायचा, आणि एक शोधताना भलताच सापडला की मला हाका मारायचा. तो मुलगा पुढे कुठे गेला, याचा संदर्भ मला अजून सापडलेला नाही. त्याची मला फार आठवण येते.

कलम ५. वर वर्णन केलेलं घर, टेबलासह, मी माझ्या भाचीला देते.

ही भाची म्हणजे याच भावाची मुलगी. घरात तिला ‘कशावरून’ म्हणतात. झोपायची वेळ झाली म्हटलं तरी ती विचारायची, कशावरून? बापाला तेव्हा त्याचं भारी कौतुक होतं. पाहुण्यांसमोर तो मुद्दाम काहीतरी ठोकून द्यायचा आणि तिच्याकडे बघायचा. ती त्याच्याच कॉलेजात आल्यावर कौतुक आटलं.

ती शेवटच्या वर्षाला आहे. ‘वाचनकक्षाचा वापर’ असा प्रोजेक्टचा विषय तिने स्वतः घेतला. बाकीच्यांनी झेरॉक्सच्या दुकानातून तयार प्रोजेक्ट आणले. तिथे ते रंगीत मुखपृष्ठासह मिळतात, फक्त नाव बदलावं लागतं. ही पूर्ण सत्रभर वाचनकक्षाच्या कोपऱ्यात बसली. तिथे किती मुलं आहेत हे कुणीही मोजेल. हिने पाहिलं की कुणाच्या पुढ्यातल्या पुस्तकाचं पान उलटतं आणि कुणाचं नाही. आधी मुलांना विचारून घेतलं, तर ती सगळीच वाचत होती, म्हणून हा मार्ग. निष्कर्ष दोन निघाले. पहिला असा, की वाचनकक्ष भरलेला असतो तो पंख्यांमुळे आणि मोबाईल चार्ज करायच्या सोयीमुळे. पुस्तक समोर असतं ते जागा अडवायला. दुसरा असा, की माझा सक्तीचा पेपर पास झालेली मुलं आणि अजून त्याच्या वाटेला न गेलेली मुलं, यांच्यात पान उलटण्याच्या बाबतीत काहीही फरक नाही.

हा दुसरा निष्कर्ष दाखवायला आली तेव्हा तिचा चेहरा उतरला होता. मी सगळं पुन्हा तपासायला लावलं. पुन्हा तेच आलं. मग मी चिडून म्हटलं की नमुना लहान आहे.

“आत्या,” ती म्हणाली, “निष्कर्ष तुझ्या मनासारखा असता, तर नमुना लहान वाटला असता का गं?”

उभ्या नोकरीत मला कुणी इतका चांगला प्रश्न विचारला नव्हता. मला वाईट वाटलं, अगदी रडू येण्याइतकं वाईट वाटलं, आणि तिचा अभिमानही वाटला. माझ्या नोकरीचा काही उपयोग झाला नाही हे तिने सिद्ध केलं, आणि ते सिद्ध कसं करायचं हे मीच तिला शिकवलं होतं. निष्कर्ष जसाच्या तसा जावा असं मी तिला सांगितलं.

प्राचार्यांचं म्हणणं वेगळं पडलं. कॉलेजात तपासणी समिती यायची आहे आणि अहवालात ‘वाचनसंस्कृतीचे आदर्श केंद्र’ असं आधीच छापून झालं आहे. त्यामुळे ‘पान उलटत नाही’ याऐवजी ‘विद्यार्थी सखोल चिंतन करतात’ असं लिहावं, असं त्याने स्वतःच्या मुलीला सुचवलं. ती बॅग घेऊन माझ्याकडे राहायला आली. त्यावर बापाने तिला बजावलं, “आत्याचं घर आत्या आहे तोवर. नंतर ते माझ्याकडेच येणार आणि मग तूही मुकाट्याने घरी येशील.” त्याचं कायद्याचं ज्ञान बरोबर आहे. मला मूलबाळ नाही, आईवडील नाहीत, तेव्हा कागद केला नाही तर घर त्याचंच. प्रोजेक्ट द्यायला अजून अवकाश आहे. उद्या मी ऑपरेशनच्या टेबलावरून उठले नाही, तर ही मुलगी त्याच्या छताखाली जाईल, रोज जेवताना तेच ऐकेल, आणि एके दिवशी कंटाळून ते वाक्य बदलेल. एकदा बदललं की पुढची वाक्यं बदलायला काही वाटत नाही. याचा नमुना आमच्याच घरात आहे. एवढ्यासाठी हा सगळा खटाटोप.

घराला कुठलीही अट नाही. प्रोजेक्ट न बदलता द्यावा, अशी अट घालायचं मनात होतं. पण मग तिने घरासाठी खरं लिहिलं असं होईल. तिने ते आपणहून लिहिलं आहे.

माझ्या वकीलबाईंना एकच भीती वाटते. भाची माझ्यापाशीच राहते, तेव्हा तिने माझ्याकडून हे लिहून घेतलं असं म्हणून भाऊ कोर्टात जाऊ शकतो, आणि मग निकाल लागेपर्यंत घराला कुलूप. यावर मला उपाय सुचलेला नाही.

इथवर लिहून झालं आणि बेल वाजली. साक्षीदार आले असतील म्हणून दार उघडलं, तर हातात फळांची पिशवी घेऊन भाऊ उभा. पुढचा मजकूर तो आल्यावर, त्याला समोर बसवून लिहिला आहे.

आधी त्याने ऑपरेशनची चौकशी केली, मग पाणी प्यायला, मग मुद्द्यावर आला. “तू सांगितलंस तर ती ऐकेल,” म्हणाला. शिवाय त्या दुसऱ्या निष्कर्षात माझीही नाचक्की आहे, ती त्याला बघवत नाही. प्रोजेक्ट वाचलास का, असं मी विचारलं. निष्कर्ष वाचला, म्हणाला. सगळं त्यातच असतं ना.

माझ्याकडची प्रत मी त्याच्यापुढे ठेवली आणि चहा करायला गेले. सुरुवातीला तो प्राचार्यांसारखा वाचत होता, म्हणजे अंगठ्याने पानं भराभर सोडत. नंतर त्याने चष्मा काढून पुसला आणि परत पहिल्या पानावर गेला. चहा निवला. मी तो पुन्हा गरम केला, तोही निवला.

“ही पद्धत तिने कुठून घेतली?” त्याने बऱ्याच वेळाने विचारलं.

“कुठूनही नाही. विचार करून काढली.”

त्याने ते पान परत वाचलं. मग खाली बघत म्हणाला, “मला हे असं कुणी शिकवलंच नाही, ताई.”

“मी शेजारच्याच वर्गात शिकवत होते.”

“तुझ्या तासाला कोण बसतंय,” तो म्हणाला, आणि आम्ही दोघंही हसलो. असं हसायला किती वर्षं मध्ये गेली, ते मी मोजत नाही.

टेबलावर हे कागद होतेच. मी लपवले नाहीत. त्याने तेही वाचायला घेतले, पहिल्या ओळीपासून. चौथ्या कलमाशी त्याचे कान लाल झाले. ही तत्रैवची गोष्ट कोर्टात जाणार का, असं त्याने विचारलं. तू भांडलास तर जाईल, मी म्हटलं. पाचवं कलम त्याने दोनदा वाचलं. शेवटी म्हणाला, साक्षीदार कोण? खालच्या दातांच्या डॉक्टर आणि वकीलबाईंचा कारकून, मी सांगितलं.

“कारकून नको. मी करतो सही. मग भावाला माहीत नव्हतं असं कुणाला म्हणता येणार नाही.”

मी त्याला नियम समजावला. मृत्युपत्रातून ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार व्हायचं नसतं, असं वकीलबाईंनी बजावलं आहे. सही केलीस तर शब्दकोश जाईल. तो उठून कपाटाशी गेला, शब्दकोश काढून हातात घेतला, थोडा चाळला.

“मला हा हवा होता गं.”

“मग सही करू नकोस.”

त्याने शब्दकोश जागेवर ठेवला. “पेन दे,” म्हणाला.

कलम ६. सबब कलम ४ मधील शब्दकोशाची देणगी रद्द. शब्दकोशही भाचीला. तिचा बाप कधी तो चाळायला आला, तर तिने त्याला बसू द्यावं. ही विनंती समजावी. समितीचं काय करायचं ते त्याचं तो बघेल; तसं तो आत्ताच म्हणाला, आणि हे सोडून काहीही बोलला असता तरी मी विश्वास ठेवला नसता.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी. माझ्या शोकसभेत कुणीही माझ्याबद्दल दुसऱ्याने लिहिलेलं भाषण वाचू नये. उद्या मी जिवंत परत आले, तर हे सगळं तसंच राहील. फक्त घर थोडं उशिरा मिळेल.

ठिकाण: मागच्या खोलीतलं टेबल.
दिनांक: ऑपरेशनची आदली संध्याकाळ. तारीख वकीलबाई शिक्क्यासह घालतील.

(सही) निवृत्त प्राध्यापिका

साक्षीदार १: (सही) खालच्या मजल्यावरच्या दातांच्या डॉक्टर. माझ्याच विद्यार्थिनी. कागद न वाचता, कुठे करायची एवढंच विचारून सही केली.

साक्षीदार २: (सही) धाकटा भाऊ. सहीखाली त्याने स्वतःच्या हाताने लिहिलं आहे ते असं: मी हे सर्व वाचलं आहे. कलम ४ एकांगी आहे. कलम ५ मधली मुलगी माझी आहे आणि घर तिचं आहे.