रफूचा फोटो कसा काढायचा

३ फेब्रुवारी, मंगळवार

दुकान बंद करायचं म्हणतात! जेवताना, ताटातून मान वर न करता. "महिनाअखेरीला बंद करू. तो मोबाइलची कव्हरं विकणारा जागा घ्यायला तयार आहे." एवढंच. आणि पुढच्याच घासाला, भाजीत मीठ कमी आहे.

मी म्हटलं, अहो, असं कसं बंद करायचं? तर म्हणे, "गिऱ्हाईक कुठंय? कोण करून घेतं आता रफू? फाटलं की फेकतात लोक." ते खोटं नाही. मागच्या महिन्यात तर दुकानात माणसांपेक्षा माश्या जास्त. पण हे बोलतानाचा आवाज मला आवडला नाही. सासऱ्यांचा शेवटी शेवटी असाच झाला होता. त्यांच्या हातातली सुई सुटली आणि वर्षाच्या आत माणूसही गेला. ह्यांना घरात खुर्चीवर बसलेलं मी बघू शकत नाही. नाहीच बघू शकत.

महिनाभर मागून घेतला. म्हटलं, गिऱ्हाईक आणून दाखवते. नाही आलं तर द्या त्या कव्हरवाल्याला. मान हलवली. कुठून आणणार आहे मी, कोण जाणे. तोंडातून निघून गेलं.

४ फेब्रुवारी, बुधवार

शेजारच्या पार्लरवालीकडे गेले. तिच्याकडे बघावं तेव्हा बायका रांगेत. "काकू, पाट्या कोण वाचतंय आता? लोक फोनमध्ये बघून येतात," म्हणाली. एका गिऱ्हाइकाच्या केसांना रंग लावता लावता माझं फोटो टाकायचं खातं उघडून दिलं. फोनला रंग लागला तो लागलाच.

दुकानाचं नाव काय, विचारलं तिने. नाव कुठंय? आमच्या पाटीवर नुसतं 'रफू' लिहिलंय, सासऱ्यांच्या वेळेपासून. ते टाकलं तर कोणीतरी आधीच घेतलेलं. मग तिनेच 'रफूवाली काकू' करून टाकलं. ह्या वयात माझं नव्याने बारसं झालं, आणि तेही काकू म्हणून.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिला फोटो टाकला. करड्या पँटचा. गुडघ्याजवळ केवढं भोक होतं, ह्यांनी भरून काढलं. पार्लरवालीने फोन जवळ घेतला, लांब धरला, मोठा करून बघितला.

"काकू, ह्यात बघायचं काय?"

"रफू."

"कुठंय?"

"अगं, दिसत नाही तेच तर रफू."

"मग लाइक कशाला करायचं? पँटला?"

त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून धागे काढायचे, तेच भोकावर उभे-आडवे विणायचे, असे की मालकालासुद्धा बोट फिरवून जागा सापडू नये. हे आमचं काम. झालं की नाहीसं होतं. चांगल्या रफूचा फोटो म्हणजे पँटचा फोटो. घोडं तिथेच पेंड खातंय.

तीन लाइक. एक तिचं, एक तिच्या बहिणीचं, एक माझं मीच दाबलेलं. ह्यांना दाखवायला गेले तर हाताने फोन बाजूला केला. "मला नको दाखवूस ते." बघितलंसुद्धा नाही. एवढा कसला तिटकारा!

८ फेब्रुवारी, रविवार

आज 'स्टोरी' शिकले. एक दिवस राहते आणि आपोआप पुसली जाते म्हणे. मग टाकायची कशाला? नाहीसं करायचं काम आमच्याकडे आधीच पुष्कळ आहे.

१० फेब्रुवारी, मंगळवार

डोकं फिरलंय माझं. एक माणूस काळा कोट घेऊन आला. चांगला, जाड कोट. ह्यांनी हातात घेतला, दारात नेऊन उलटापालटा केला आणि परत दिला. "काळं घेत नाही आम्ही." काळं घेत नाही? हे कधीपासून? मी आत इस्त्री करत होते. इस्त्री टाकून धावले, पण तो वळणापर्यंत पोचला होता. हाक मारली तर लोक माझ्याकडे बघायला लागले, तो सोडून.

मी तिकडे अनोळखी लोकांच्या मांजरांना लाइक देत बसते, का तर त्यांनी उलट आमच्याकडे बघावं. आणि हे आलेलं गिऱ्हाईक उंबऱ्यावरून परतवून लावतात. बंदच करायचंय त्यांना. ठरवूनच बसलेत.

आळस तरी किती यावा माणसाला. हल्ली सकाळी मी सगळ्या सुयांत दोरे ओवून सुयांच्या गादीवर टोचून ठेवायचे. स्वतः एक ओवत नाहीत. आणि खुर्ची ओढून पार दारात नेलीये. रस्त्यावरची गंमत बघायला असेल.

११ फेब्रुवारी, बुधवार

पार्लरवालीचे सगळ्यात चालणारे फोटो कुठले? 'आधी' आणि 'नंतर'. आधी विस्कटलेली बाई, नंतर तीच बाई, केस पाठीवर सोडून. मी म्हटलं, हे तर आपल्यालाही जमेल. भोक दाखवायचं, मग भोक गेलेलं दाखवायचं!

शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंचा हिरवा लोकरी कोट आला होता, बाहीला कसरीने खाल्लेला. त्याचे लाकडी बटणांसकट छान फोटो काढून ठेवले होते मी आधीच. ह्यांनी चार दिवस लावले त्या एका बाहीला. एरवी एका दुपारचं काम. आज झाला, बाई घेऊन गेल्या, आणि मी दोन्ही फोटो शेजारी शेजारी टाकले.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

लोकांना आवडलंय! टिंगटिंग चालूच आहे. पार्लरवाली म्हणाली, "काकू, तुम्ही तर मला मागे टाकणार." भाजी करपली, पण करपू दे.

१५ फेब्रुवारी, रविवार

लाइकच लाइक. दुकानात मात्र काळं कुत्रं फिरकलं नाही. 'वा काकू', 'कमाल काकू', हात जोडल्याची चित्रं. अरे, हात कसले जोडता, फाटकं काहीतरी घेऊन या ना.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

हात दाखवून अवलक्षण. दुसरं काय म्हणू?

मुख्याध्यापिकाबाई आल्या. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळू आवाजात बोलल्या. त्यांच्या शिक्षकांनी फोटो बघितला. बटणांवरून ओळखला. "काल शिक्षकांच्या खोलीत गेले तर सगळे माझ्या बाहीकडे बघत होते. मी तुमच्याकडे का येते? कळू नये म्हणून. कळून चालणार असतं तर घरीच ठिगळ मारलं असतं."

इतकी वर्षं ह्या दुकानात काढली आणि हे माझ्या लक्षात येऊ नये? इथे कपडे लपूनछपून येतात, पिशवीत पिशवी घालून. नवरा-बायको वेगवेगळे येऊन जातात आणि आम्ही एकाचं दुसऱ्याला सांगत नाही. पार्लरमधल्या बायका स्वतःच आपले फोटो मिरवतात. आमच्याकडचं गिऱ्हाईक मिरवायला येतच नाही. ते लपवायला येतं.

जाताना बाईंनी कोट ह्यांच्यापुढे धरला. "आणि दिसतंयही. हे बघा." ह्यांनी बाहीवरून बोट फिरवलं. बोट एका जागी थांबलं. चेहरा असा उतरला की मला खाली बघावं लागलं. माझ्यामुळे ह्यांना हे ऐकावं लागलं. आजवर ह्यांच्या कामाला कोणी असं म्हणालेलं नाही.

बाई गेल्यावर एवढंच म्हणाले, "आपल्या धंद्यात कापडाआधी तोंड शिवावं लागतं."

फोटो काढून टाकायचा कसा तेच मला येईना. टाकायला शिकवलं होतं, काढायला नाही. पार्लरवाली येईपर्यंत तो तसाच तिथे. तोवर आणखी कोणीतरी हात जोडले.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आमचं बोलणं नाही. कव्हरवाला येऊन जागेची मापं घेऊन गेला. फितीचं दुसरं टोक ह्यांनी धरलं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार

आज मोरीत नळ सोडून रडले. इथे लिहायला काय हरकत आहे. मला भीती वाटते. दुकानाची नाही, दुकान गेलं तर जाईल. मला ह्यांची भीती वाटते. काल काही काम नव्हतं तर नुसतं एक फडकं हातात घेऊन बोटांनी चाचपत बसले होते, डोळे मिटून. सासरे असेच बसायचे.

व्हिडिओ करून बघितला. गाणं लावायचं असतं. मी कपड्याकडे बोट दाखवते आणि मागे कोणीतरी 'ये ना ये ना' करून गातंय. पुसला. दुसरा केला, त्यात माझंच नाक. पुसला. लोकांना आवडतं काय, तेच कळत नाही. आणि जे कळतं ते टाकता येत नाही, कारण ते कोणाचं तरी गुपित असतं.

मग संध्याकाळी भांडी घासताना डोक्यात आलं: गुपित आपलंच असलं तर?

२२ फेब्रुवारी, रविवार

माझा जुना काळा स्वेटर काढला. कोपर गेलेलं. इतकी वर्षं बघून बघून मला रफू येतं, ह्यांच्यासारखं नाही, पण भोक बुजतं. फक्त काळ्यावर काळा धागा फोटोत काय कपाळ दिसणार? म्हणून भरतकामाचा लाल रेशमी धागा घेतला. निदान लोकांना कळेल तरी, धागा एकाच्या वरून, दुसऱ्याच्या खालून कसा जातो ते.

हे दुपारी झोपले होते तेव्हा केलं. चोरी केल्यासारखं. फोटो टाकला. खाली लिहिलं: 'आमचं काम असं असतं. एरवी दिसत नाही.'

२४ फेब्रुवारी, मंगळवार

काय झालंय तेच समजत नाही. पार्लरवाली गिऱ्हाईक खुर्चीत सोडून धावत आली, कात्री हातातच. "काकू, फोन कुठंय तुमचा? बघा तरी!" फोन पिठाच्या डब्यावर होता. तिनेच वाचून दाखवलं. 'मला असंच हवंय.' 'लालच हवं.' 'माझ्या बाबांच्या जॅकेटला करून द्याल का? फाटलेलं दिसलं तरी चालेल.' दिसलं तरी चालेल!

आणि दुपारी खरंच एक दाढीवाला आला. काळं जॅकेट, खांद्याला फाटलेलं. "त्या फोटोसारखं करा. लाल." हे दारातच बसलेले. सगळं ऐकलं. तो ठेवून गेला आणि मग सुटले माझ्यावर.

"उभा जन्म मी माझं काम लपवण्यात घालवला. माझ्या बापाने घालवला. आणि तू त्यावर लाल रेघ मारलीस? हे रफू नाही, ही चुगली आहे. ह्या कपड्याची, आणि माझीही."

मीही सोडलं नाही. म्हटलं, "मग तुम्ही करा ना काळ्यावर काळं! आलेला कोट परत कोणी पाठवला? तुम्हाला नकोच आहे दुकान. सरळ सांगा."

उठून आत गेले. दाराच्या चौकटीला खांदा लागला तरी थांबले नाहीत.

२५ फेब्रुवारी, बुधवार

जॅकेट अजून टेबलावर. मी हात लावला नाही. माझ्या हातचं रफू गिऱ्हाइकाला द्यायची माझी छाती नाही.

दुपारी इस्त्री करताना बघितलं, तर हे माझा स्वेटर घेऊन दारात उभे. उन्हात धरलेला. बराच वेळ.

"हा धागा कुठला?"

"भरतकामाचा. डब्यात आहे."

स्वेटर घडी करून ठेवला. शिव्या तरी द्यायच्या होत्या. वीण सैल होती माझी, एरवी लगेच म्हणाले असते.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी दुकानात पोचले तर ह्यांनी स्वतः सुई ओवली होती. लाल. जॅकेटचा खांदा मांडीवर, आणि हात पूर्वीसारखा चाललेला, न थांबता. दुपारपर्यंत झालं. असं काम की मी बघतच राहिले. मी फोटो काढायला फोन उचलला, तेव्हा म्हणाले, "हा दिसतो गं मला."

"म्हणजे?"

"बाकीचे दोरे दिसत नाहीत. काळ्यावर काळा नाही, निळ्यावर निळा नाही. वर्ष झालं. सगळं धुरकट. तुला काय सांगायचं?"

उद्या डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जायचं. कव्हरवाल्याला मी नाही म्हणून कळवलं.

महिनाभर मी ह्यांच्या तोंडापुढे फोन नाचवत होते.