टिटवी कुठे बसली होती

अण्णा, आज सकाळी आमच्या फिरणाऱ्या टोळक्यात पावसावरून चांगलीच जुंपली होती. टोळकं म्हणजे वसाहतीतली चार-पाच बागवेडी माणसं. पायात कापडी बूट, हातात काठी, आणि तोंडात रोज तोच विषय: कुणाच्या कुंडीत काय उगवलं, कुणाच्या केळीची पानं वाऱ्याने चिरली, पुलाखाली कोल्हा खरंच दिसला की ते कुत्रंच होतं. निवृत्त झालेले एक गुरुजी म्हणाले, "काल असीरगडावर ढग बसला होता. आठ दिवसांत येतो की नाही बघा." त्यावर गुलाब लावणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "गुरुजी, तुमचा ढग मागल्या सालीपण बसला होता. माझी रोपं वाळली, तो काही उठला नाही." सगळे हसले. मग गुरुजी माझ्याकडे वळले. "ताई, तुम्ही माळ्याच्या घरच्या. जुनी माणसं टिटवीची अंडी बघून सांगायची ना? तुम्हाला येत असेल." मी काहीतरी पुटपुटले आणि अर्ध्या वाटेतून घरी आले. चहा न घेता लिहायला बसले आहे. तुम्ही एक खोटं स्वतःवर घेतलं होतंत आणि ते घेऊनच गेलात. ते माझं होतं. आपल्या दोघांशिवाय हे कुणाला माहीत नाही, आणि तुम्हाला ते किती माहीत होतं हे मी कधी विचारलं नाही.

मी तेव्हा दहा वर्षांची होते. प्रांत नव्याने आखले जात होते ते वर्ष. बुऱ्हाणपूर मुंबई राज्यात जाणार की मध्य प्रदेशातच राहणार, शाळेत मराठी राहील की हिंदी येईल, हे मोठी माणसं दारादारात बोलायची. तुमच्या कचेरीच्या बागेत मात्र पहाटे तिघंच जमायचे: तुम्ही, दर्ग्याजवळ गुलाब लावणारे चाचा, आणि तापीच्या वाळूत खरबुजांची वाडी करणारे मामा. मामा काही आईचे भाऊ नव्हते, पण मी मामाच म्हणायची. पाणी घालून झालं की तुम्ही तिघं राजघाटापर्यंत चालत जायचात आणि ऊन चढायच्या आत परत यायचात. मी तुमच्या मागून. तुमच्या बोलण्यात कधी मोठं काही नसायचं. कावळ्याने यंदा बाभळीवर घरटं केलं का कडुनिंबावर. जंगलातल्या सालई आणि बांबूच्या गाड्या नेपानगरच्या कागद कारखान्याला जायला लागल्यापासून रोही, म्हणजे नीलगायी, खाली शेतात किती उतरतात. खंड्या रोज एकाच दगडावर का बसतो. चाचा म्हणायचे, "उसका दफ़्तर है वो. टाइम पे आता है, तुम्हारे बाबू लोगों जैसा नहीं." आणि तुम्ही कचेरीचे माळी असल्यामुळे तुम्हाला हसावंच लागायचं.

त्या चालण्यात तुमचं एक काम ठरलेलं होतं. ज्येष्ठ लागायच्या सुमाराला नदीकाठच्या गोट्यांमध्ये टिटवीची अंडी शोधायची आणि ती कुठे घातली आहेत ते बाकीच्या दोघांना सांगायचं. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्यावर चार दगडांत अंडी ठेवते. ती खाली पाण्याजवळ असली की पाऊस उशिरा, वर चढावर असली की नदी लवकर भरणार. किती अंड्यांची टोकं खाली आहेत तेही तुम्ही बघायचात, तितके महिने पाऊस. मामा त्यावर वाडी ठेवायची की उचलायची ते ठरवायचे. वाळूतली वेल पहिल्या पुरात जातेच. प्रश्न एवढाच असतो की तिला अजून किती दिवस द्यायचे. शास्त्रात याला काही आधार असेल-नसेल, तुमच्यावर त्यांचा आधार होता. मामा म्हणायचे, "अण्णांनी डोळ्यांनी पाहिलं म्हणजे मी पाहिलं."

त्या साली तुमच्या पायावर कुदळ पडली. अंगठा सुजून काळानिळा झाला होता, आईने हळद बांधून तुम्हाला ओट्यावर बसवलं होतं. आणि त्या साली मामांचं बी अडचणीत होतं. त्यांच्या आजोबांपासून चालत आलेलं खरबूज, हिरव्या रेघांचं, आतून जवळजवळ पांढरं. साठवणीच्या मडक्यात ओल शिरली होती, वाचलं तेवढं बी त्यांनी सगळं पेरून टाकलं होतं. तीन फळं त्यांनी बियाण्यासाठी राखली होती, त्यांच्या देठाला गवताची काडी बांधून. वेल आपोआप सुकेपर्यंत ती काढायची नव्हती. म्हणून ते रोज येऊन ओट्याशी उभे राहायचे. "अण्णा, टिटवीचं काय?" तुम्ही पायाकडे बोट दाखवायचात. चौथ्या दिवशी तुम्ही मला हाक मारलीत. "जा, बघून ये. घाटाच्या खाली उजव्या हाताला. ती डोक्यावर येऊन ओरडेल, घाबरू नको, चोच मारत नाही. हात लावू नको. फक्त बघ आणि मला येऊन सांग."

मी घाटापर्यंत गेले. दगड तापले होते आणि मी अनवाणी होते. खाली उतरताच दोन टिटव्या उठल्या आणि माझ्या केसांवरून ओरडत फिरायला लागल्या. मी पळत वर आले आणि पिंपळाच्या सावलीत बसून राहिले. किती वेळ ते आठवत नाही. मुंग्या बघितल्या. मग उठून घरी आले. तुम्ही विचारलंत, कुठे? मी म्हणाले, वर चढावर. असं का म्हणाले ते मला अजून आठवतं: उकाड्याने सगळे हैराण होते, सगळे पावसाची वाट बघत होते, आणि मला वाटलं, पाऊस लवकर येणार हे ऐकून तुम्ही खूश व्हाल. तुम्ही झालातही. "किती?" चार. "टोकं?" चारही खाली. "रंग?" मातीसारखा, वर काळे ठिपके. हे मी तुमच्याच तोंडून ऐकलेलं होतं. तुम्ही जितकं विचारत गेलात तितकं मला सोपं जात गेलं. लोक हल्ली माझ्या लेखनाबद्दल म्हणतात की बाई निसर्गाचे बारकावे फार छान टिपते. ते ऐकताना मला तो ओटा दिसतो.

संध्याकाळी तुम्ही मामांना "वर चढावर" एवढंच सांगितलंत; मला पाठवलं होतं ते बोलला नाहीत, आणि तुम्हीच लंगडत जाऊन बघून आलात असं त्यांनी धरलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाडी उचलली. झोपडीचे बांबू सोडले, कुंपणाचे काटे ओढून वर आणले. राखलेली तीन फळं काढून घरी नेली, घरात पिकतील म्हणून. पिकली नाहीत. सालीला सुरकुत्या पडल्या, आतलं बी पोचट निघालं. आणि पाऊस आलाच नाही. पंधरा दिवस आभाळ कोरडं. नदी होती तिथेच, वाळू होती तिथेच, दुसऱ्यांच्या वेली हिरव्या. तुम्ही तोवर काठी टेकत बागेत यायला लागला होतात. मामा हसत म्हणाले, पण हसू ओठांपुरतंच होतं, "काय अण्णा, तुमची टिटवी यंदा गच्चीवर राहायला गेली होती की काय?" चाचा म्हणाले, "नए सूबे की होगी. उसको अभी पता नहीं, कौन से क़ायदे से अंडे देना है." तुम्ही हसला नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाहीत. काठी घेतलीत आणि एकटेच घाटाकडे गेलात, लंगडत, त्या उन्हात.

तुम्ही परत येताना मला दारातून दिसताय. धोतराचा काठ ओला आहे, पायाच्या पट्टीवर वाळू आहे. म्हणजे खाली पाण्यापर्यंत उतरला होतात. आई ओरडते, "पाय कुजवून घ्यायचाय का?" तुम्ही बादलीत पाय धुता, बोटांच्या फटींतून वाळू काढता, पट्टी पिळून वाळत घालता. मी खांबाला धरून उभी आहे. आता विचारतील, आता विचारतील. तुम्ही म्हणता, "जेवलीस का?"

दुसऱ्या दिवशी पहाटे तुम्ही मामांना बाकावर बसवलंत आणि सांगितलंत, "चूक माझी झाली. मी बघायला गेलोच नव्हतो. पाय दुखत होता, अंदाजाने सांगून टाकलं." मी झारी घेऊन तिथेच होते. मामा म्हणाले, "अंदाजानं? बी होतं ना अण्णा ते." एवढंच. नंतर म्हणाले, "जाऊ द्या. दुसरं आणू." चाचांनी काहीतरी विनोद करायला तोंड उघडलं आणि मिटलं.

चालणं थांबलं नाही. तुम्ही तिघं त्यानंतरही कितीतरी वर्षं घाटापर्यंत गेलात. खंड्या, कोल्हे, रोही, सगळं बोलणं तसंच. पाऊस कधी येणार हे मात्र मामा चाचांना विचारायचे. तुम्ही तेव्हा दुसरीकडे बघायचात, नाहीतर एखादं सुकलेलं पान खुडायला वाकायचात. कचेरीची पाटी बदलली, माझी शाळा हिंदी झाली, तुम्ही पुढच्या ज्येष्ठात टिटवी बघायला गेला नाहीत आणि कुणी म्हटलंही नाही. मामांनी बाहेरून दुसरं बी आणलं. दर उन्हाळ्यात पहिलं खरबूज आपल्याकडे यायचं. मोठं असायचं, दिसायला देखणं, आणि पाणचट. तुम्ही फोड तोंडात टाकून म्हणायचात, "गोड आहे." मग सगळ्यांत मोठी फोड माझ्या ताटात ठेवायचात. तुम्ही मला कधी मारलं नाहीत, कधी बोललाही नाहीत. फक्त "जा, बघून ये" असं परत कधी म्हणाला नाहीत. बाजारात, शेजारी, विहिरीवर, कुठेच नाही. काही बघायचं असलं की स्वतः उठायचात.

मागच्या आठवड्यात मामी भेटल्या. आता फार थकल्यात, दारात खाटेवर बसून असतात. इकडचं तिकडचं बोलता बोलता खरबुजावर आल्या. "आमच्या घरचं बी काय होतं गं. तुझ्या अण्णांनी बिचाऱ्यांनी न बघता सांगून दिलं नि गेलं सगळं. हे म्हणायचे, माणूस सोन्यासारखा, पण त्या दिवसापासून त्याच्या शब्दावर माझा भरवसा बसेना." त्यांच्या मनात राग नव्हता. जुनी गोष्ट म्हणून सांगत होत्या. तिथे एक वाक्य पुरलं असतं. मामा नाहीत, चाचा नाहीत. ऐकायला त्या एकट्याच उरल्यात. मी त्यांच्या पायावरचं पांघरूण नीट केलं आणि म्हणाले, "ऊन चढलं मामी, आत बसा."

हे पत्र त्यांना वाचून दाखवावं म्हणूनच लिहायला घेतलं होतं. इथवर आल्यावर कळतंय की मी ते नेणार नाही. इतकी वर्षं मी स्वतःला सांगत आले की तुम्ही बाकावर बसून ते बोललात तेव्हा मला रडू येत होतं, भीतीने माझी जीभ उचलली नाही. अण्णा, तसं नव्हतं. मला रडू आलं नव्हतं. तुम्ही "चूक माझी" म्हणालात, आणि मला बरं वाटलं.