दांडका कोणाकडे होता

३ मार्च, मंगळवार

दगड येणार म्हणे! काळा, गुळगुळीत, माणसापेक्षा उंच. पुलाच्या मोडक्या खांबाशी उभा करणार आणि पूल पडला त्या दिवशी गेलेल्या सगळ्यांची नावं त्यावर कोरणार. मास्तर सांगून गेले. बाकीचं सगळं माझ्याकडे बघून बोलले. "तुमच्या यजमानांच्या नावाचं मात्र कमिटीत ठरायचंय," एवढंच काय ते कपातल्या चहाकडे बघून.

ठरायचंय! माणूस पुलाबरोबर खाली गेला, आम्ही म्हातारे झालो, आणि ह्यांचं अजून ठरायचंच आहे.

मी सांगतेय, सून लिहितेय. मला अक्षर येत नाही, तिला स्वयंपाक येत नाही. चाललंय. पण लिहिते काय देव जाणे. काल मागचं वाचून दाखव म्हटलं, तर मास्तरांना दिलेली शिवी गायब! "आई, बरं दिसत नाही." बरं दिसायला ही काय लग्नाची पत्रिका आहे? लिही, मास्तर मेला लबाड आहे. लिहिलंस? दाखव. हं, काहीतरी लिहिलंय खरं.

५ मार्च, गुरुवार

पुलाचं एकदा सांगूनच टाकते. दगडावर काय येईल ते येईल, इथे तरी माझं असू दे.

पूल अरुंद. एका वेळी एकच गाडी. दोन टोकांना दोन चौक्या. अलीकडच्या चौकीत आमचे हे, पलीकडच्या चौकीत तो. त्याला मी पलीकडचाच म्हणते. दोघांत मिळून एक दांडका – कमरेइतका उंच, टोकाला पितळी कडं. ज्या गाडीला दांडका मिळाला तीच पुलावर चढणार. पलीकडे पोचली की तिथल्या चौकीत दांडका देणार, मग तिकडची गाडी तो घेऊन इकडे येणार. दांडका आपल्या काठाला नसेल तर गाडी सोडायची नाही. ड्रायव्हर भोंगा वाजवून दमला तरी नाही.

म्हणजे नोकरी कसली? थांबायची! आणि आमच्या ह्यांना थांबणं म्हणून ठाऊक नाही. चहा जीभ पोळेपर्यंत गरम प्यायचे. लग्नाचा फोटो काढताना हलले, म्हणून फोटोत माझ्या शेजारी नवरा नाही, नुसता धूर!

त्या दिवशी आपल्याकडून बस आणि तिकडून डांबराच्या पिंपांचा ट्रक – दोन्ही एकदमच पुलावर. पूल मधोमध पिळवटला. बस वरच्या अंगाला पडली, ट्रक खालच्या अंगाला. बसमधली माणसं धुतल्यासारखी निघाली. ट्रकमधली पिंपं फुटली, ड्रायव्हर नखशिखांत काळा. पलीकडच्यानेच त्याला ओढून काढला, पण तो गेलेलाच होता. पुढे कितीतरी दिवस पलीकडचा काळे हात घेऊन हिंडत होता. आमचे हे बसमागे धावत पुलावर गेले होते, असं बघणारे सांगतात. ते खाली वाळूत सापडले. दांडका मात्र सापडलाच नाही.

तो बसमध्ये होता की ट्रकमध्ये? एवढाच प्रश्न. बसमध्ये असेल तर चूक पलीकडच्याची. ट्रकमध्ये असेल तर आमच्या ह्यांची. अर्धा गाव असं म्हणतो, अर्धा तसं. माझ्या पोराला शाळेत "पूलपाड्या" म्हणायचे. आता नातीला विचारतात, "तुझ्याच आजोबांनी ना?" म्हणून म्हणते, नाव दगडावर गेलंच पाहिजे. दगडाशी कोण वाद घालतो!

८ मार्च, रविवार

सून विचारते, हजेरी म्हणजे काय? लग्न होऊन आली तेव्हापासून दर वर्षी तिकडे जातेय, आणि आता विचारतेय.

तर पूल पडला त्या तारखेला, मार्चच्या विसाला, सगळे मोडक्या खांबाशी जमतात. ज्याचं माणूस गेलं त्याने नाव पुकारायचं, बाकीच्यांनी एका आवाजात म्हणायचं – "आहे!" कुणी सुरू केलं माहीत नाही. मी नवऱ्याचं नाव घेत नाही, तेव्हा मी ओरडते, "आमचे हे!" पोरं हसतात, हसू देत. पण मग "आहे" येतं ते अर्ध्यांकडूनच. बाकी अर्धे चपलांकडे बघत उभे. दर वर्षी मी बघून ठेवते, कोण गप्प होतं ते. मास्तर गप्प असतात.

आणि पलीकडचा? तो सगळ्यांत मोठ्याने म्हणतो. तिथेच तर मला शंका येते.

९ मार्च, सोमवार

वाचता येत नाही म्हणून ऐकलेलं मी विसरत नाही. पलीकडचा हजेरीला दर वर्षी चार शब्द बोलतो. पहिल्यांदा म्हणाला होता, "दांडका नदीने नेला." मग म्हणायला लागला, "दांडक्याचं मला काही विचारू नका." मागच्या वर्षी काय? "दांडका ज्याच्या हाती असेल त्याच्या असेल, माणसं गेली ती गेली." वा रे वा! नदीने नेला, तर ज्याच्या हाती असेल तो कुठून आला?

शिवाय माझ्यावर एवढी माया का? छपराचा पत्रा बदलून दे, सरपण फोडून दे, पोराच्या फीसाठी माझ्या वतीने हेडमास्तरांशी भांडून ये. उगाच कोण करतं? मनात काहीतरी खात असल्याशिवाय? लग्नही केलं नाही. मी त्याला चिडवते, "भावजी, नवरी बघायची का अजून?" तर म्हणतो, "वहिनी, पूल पाडणाऱ्याला मुलगी कोण देतं?" आणि हसतो. बघा! स्वतःच्या तोंडाने म्हणतो.

११ मार्च, बुधवार

पलीकडचा आला होता. मागच्या दाराची कडी बदलून गेला. जुनी कडी चांगली होती!

१४ मार्च, शनिवार

आज धाड घातली.

रिक्षाने नव्या पुलावरून त्याच्या घरी गेले. म्हटलं, तुमच्या गुडघ्याचं विचारायला आले. खोली एकच, मागे स्वयंपाकघर. एकट्या पुरुषाचं घर, पण माझ्या सुनेपेक्षा नीटनेटकं. (लिही, लिही. गाळायचं नाही.) "चहा करा," म्हटलं, "आणि आलं चांगलं ठेचून घाला." आलं ठेचायला वेळ लागतो ना!

गादीखाली बघितलं. काही नाही. ट्रंकेत बघितलं, सगळे मफलर. कपाटाच्या मागे हात घातला तर फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी उंच, जड. टोकाला फडक्यातूनच हाताला गोल लागलं. कडं!  डोकं ठिकाणावर ठेवलं. माझी काठी कपाटामागे सारली आणि हे धरलं काठीसारखं. चहा प्यायले. बरा केला होता.

दारापर्यंत सोडायला आला. माझ्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "वहिनी, जपून. काठी जड आहे." बावळट! काठीच वाटली त्याला.

घरी आल्या आल्या फडकं सोडलं. तोच! कडं हिरवं पडलंय, पण तोच. सापडला चोर! बसमधून काढला, घरात दडवला, आणि इतकी वर्षं मला कड्या बसवून देतोय! वीस तारखेला सगळ्यांदेखत त्याच्या नाकासमोर धरते की नाही बघा.

सून विचारते, दिसतो कसा, नीट सांगा, लिहायचंय. लिही. खाली लाकूड, वर पितळ, मधे काळा. त्या काळ्यात बोटं उमटलीत. मोठ्या हाताची, घट्ट धरलेली.

"काळा म्हणजे रंग दिलाय?"

नाही गं, रंग कसला. डांबर आहे ते, वाळलेलं.

सून लिहिता लिहिता थांबली. म्हणाली, "आई, डांबर तर ट्रकमध्ये होतं."

१५ मार्च, रविवार

आज काही लिहायचं नाही.

१७ मार्च, मंगळवार

दांडका ट्रकमध्ये होता. म्हणजे पाळी तिकडची होती. म्हणजे बस – सूनबाई, लिही, हात आखडू नकोस – बस आमच्या ह्यांनी तशीच सोडली. दांडक्याशिवाय. मग समोरून ट्रक येताना दिसला असेल आणि धावले असतील. धावणंच यायचं त्यांना.

त्या ड्रायव्हरच्या मुठीतून पलीकडच्याने दांडका सोडवला असणार. म्हणून ते हात काळे. दुसऱ्याच दिवशी भर चौकात दाखवला असता तर तो त्याच दिवशी सुटला असता. कुणीतरी मुलगी दिली असती. घरात दुसऱ्या कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या असत्या. नाही दाखवला. दाखवला असता तर पदरात पोर घेऊन मी कुठे तोंड दाखवणार होते? तोपर्यंत अर्धा गाव तरी माझ्या बाजूचा होता. तो अर्धा गाव मला त्यानेच दिला.

आणि मी त्याच्या गादीखाली हात घालत होते!

"काठी जड आहे." सगळं कळलं होतं मेल्याला. बावळट कोण, लिही तूच.

सून हळूच म्हणते, "आई, अजून कुणालाच माहीत नाही. दगडावर नाव येईल. पाण्याच्या बंबात घालू का?" बघा! एवढ्या वर्षांत स्वयंपाक शिकली नाही, पण माझी लबाडी बरोबर उचलली.

दांडका माझ्या खाटेशी टेकवून ठेवलाय. नातीने त्या बोटांवर आपली बोटं ठेवून बघितली. पुरली नाहीत.

२० मार्च, शुक्रवार

दांडका फडकं न गुंडाळता घेऊन गेले. सगळ्यांना बोटं दाखवली, ती ट्रकच्या ड्रायव्हरची हे सांगितलं, कुणी कुणासाठी दडवलं तेही सांगितलं. मास्तर म्हणाले, "मग नावाचं काय करायचं?" म्हटलं, तुम्ही ठरवा, मला कुठे वाचता येतं!

माझी पाळी आली. ओरडले, "आमचे हे!" एवढी माणसं, कुणाचा हूं नाही की चूं नाही. मग मागून एकट्याचा आवाज आला – "आहे!"

पलीकडचा होता.