महमूदभाईंनी बसवलेली बॅटरी

सनद, बहरीन
गुरुवार, १२ सप्टेंबर १९९६

प्रिय अहो,

एका घरात राहून बायको पत्र लिहिते म्हणून हसू नका. तोंडावर बोलायला गेले की तुम्ही तो बॅटरी तपासायचा मीटर पुढे करता आणि माझं बोलणं राहून जातं. सकाळपासून तीनदा चहा केला, तीनदा ओतून दिला. शनिवारी महमूदभाईंचा व्हिसा त्यांचा गॅरेजमालक कॅन्सल करणार आहे, तोही तुमच्या तक्रारीवरून. माझा पाय एका जागी ठरत नाही.

जूनपासून त्या मोटारसायकलनं काय नाचवलंय आपल्याला! बटण दाबलं की नुसतं टक् टक्. किक तर नाहीच तिला. तुम्ही बॅटरीची टोकं घासलीत, इंजिन चालू ठेवून चार्जिंग मोजलंत, ते बरोबर चौदा व्होल्ट. मग वायर सोडून मध्ये मीटर लावलात, कुठे करंट गळतोय का बघायला, तर शून्य. तुबलीच्या गॅरेजात महमूदभाईंनी नवी बॅटरी बसवली, ती चार दिवसांत उतरली. दुसरी दिली, तिचंही तेच. मग तुमचं डोकं फिरलं आणि जुनी बॅटरी पुसून नवी म्हणून खपवली, असं थेट त्यांच्या मालकाला सांगून आलात. आपण इथे नवे आलो तेव्हा आठ दिवस त्यांच्याच घरून डबा यायचा. त्या माणसाला चोर म्हणायला जीभ कशी रेटली हो तुमची?

जूनमध्ये डबल शिफ्ट करून येताना सिग्नलला गाडीवरच तुमचा डोळा लागला होता, आठवतं? मागच्याने हॉर्न दिला म्हणून वाचलात. ते तुम्ही पाहुण्यांना हसत हसत सांगितलंत. मी हसले नव्हते. कंपनीच्या बसने जा म्हणून किती विनवलं, तर म्हणे बस गावभर फिरते, तास जास्त लागतो. गाडी बंद पडली की मात्र मुकाट्याने बसने जाता, आणि येताना खिडकीला डोकं टेकून झोपून येता. त्या दिवशी मला भूक लागते.

आज दुपारी महमूदभाईंच्या नसीमाभाभी आल्या. मला वाटलं भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं! बिचारी नवऱ्याच्या वतीने माफी मागायला लागली. यांच्याकडून चूक झाली असेल, अश्वजितभाऊंना सांगा, राग सोडा म्हणाली. माझे हात धरले तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

अहो, बॅटरी मी उतरवते. हँडल लॉक करून चावी अजून थोडी फिरवली की मागचा लाल दिवा लागून राहतो, हे तुम्हीच मला दाखवलं होतंत. रात्री कचरा टाकायला जाते तेव्हा चावी फिरवते आणि पहाटे बेकरीतून खुबूसच्या रोट्या आणायला जाताना परत बंद करते. म्हणून तुमच्या मीटरला काही सापडत नाही. तुम्ही बसने गेलात याचा मला पश्चात्ताप नाही, खोटं कशाला लिहू? पण महमूदभाईंचं घर मी उठवलं, हे माझ्याने सोसवत नाही. शनिवारी गॅरेज उघडायच्या आत तुबलीला जा आणि मालकाला माझं नाव सांगा. लाज वाटली तर मला मागे बसवून न्या, मी सांगते. फक्त निघायच्या आधी पोटभर झोपा.

तुमचीच,
हेमा