बाबांचं किनाऱ्यावरचं विमान

९ फेब्रुवारी
चौऱ्याहत्तराव्या वर्षी बाबा हट्टाला पेटलेत — किनाऱ्यावर पडलेलं ते विमान बघायचंय! एकतीस वर्षं त्याचं नाव काढलं नाही, आणि आज चहा पिता पिता विचारतात, रविवारी रिकामी आहेस का?

१० फेब्रुवारी
कारण मला माहीत आहे, पण विचारायची सोय नाही. बाबा विमानांचे मेकॅनिक. उड्डाणाआधी चाकं तपासून सही केली ती त्यांनीच. उतरताना चाकं बाहेर आलीच नाहीत. वैमानिकाने विमान वाळूवर पोटावर टेकवलं. एकेचाळीस माणसं, सगळी वाचली. चौकशीत निघालं, एक भाग कारखान्यातूनच खराब आला होता. सगळ्यांना पटलं, बाबा सोडून. तेव्हापासून हाताला लागेल ते आवळत सुटतात. आमच्या घरातली एकही बरणी एकट्या माणसाला उघडत नाही.

१३ फेब्रुवारी
पान्यांची पिशवी बरोबर घेणार म्हणे. मी म्हटलं, बाबा, ते आता उडणार नाहीये. त्यांनी पिशवी दाराशी नेऊन ठेवली.

१५ फेब्रुवारी
गाडी सोडून दीड तास वाळू तुडवली. माझ्या पायांचा पार भुगा, बाबा आपले पुढे पुढे. विमानाला शेपूट नाही. पंखांवर पक्ष्यांनी मनसोक्त रंगकाम केलेलं. बाबा टोपी काढून उभे राहिले. लाटांनी पोटाखालची वाळू उकरून नेली होती, तिथे चक्क आडवे होऊन आत सरपटले. बाहेर फक्त बूट.

पंखाच्या सावलीत एक सत्तरीच्या बाई थर्मास घेऊन बसल्या होत्या. पोस्टातून निवृत्त. म्हणाल्या, त्या दिवशी मी याच विमानात होते, दरवर्षी येऊन जाते. "याने माझा एक दात घेतला. बाकी सगळी मी परत मिळाले." मग बुटांकडे बघून विचारलं, हे कोण? मी थाप मारली — बाबांना भंगाराची आवड आहे.

बूट थबकले. बाबा उलटे सरपटत बाहेर आले, केसांत वाळू, कपाळाला गंज.

"बाई, चाकांच्या कागदावर सही माझी होती."

मला वाटलं, आता थर्मास येतो डोक्यात. बाईंनी त्यांना खालून वरपर्यंत न्याहाळलं.

"अस्सं. म्हणजे माझा दात पाडणारे तुम्ही."

बाबा हसले. हसता हसता मध्येच रडायला लागले. मला कळेना, हात धरू की रुमाल शोधू. बाईंनी चहा ओतला.

परतताना मी गाडीपाशी तासभर ताटकळले. दोघं मागून येत होती — रमतगमत!

१६ फेब्रुवारी
पाय सुजले. बाबा ठणठणीत.

४ मार्च
बाबांनी मोबाईलला पासवर्ड घातलाय. विचारलं तर म्हणाले, सगळेच घालतात.

२१ मार्च
बाबांनी विमानाची दोन तिकिटं काढलीत. दुसरं माझं नाही.