खालून ओढायची ताडपत्री

नेर,
९ जून २०२४

चि. संघर्ष यास कौसल्याआत्याचा सप्रेम जयभीम व आशीर्वाद.

वि. वि. गुडघा सोडला तर मी खुशाल आहे. घरोघरी फोन असताना आत्याने पत्र का लिहिलं, असं तुला वाटेल. फोनवर तू दोनच गोष्टी करतोस. एक तर ‘बघतो आत्या’ म्हणतोस, नाहीतर अंगठा पाठवतोस. आपल्या घरात अंगठा उठवणारे तुझे पणजोबा शेवटचे. पत्राला तुला अक्षरांनी उत्तर द्यावं लागेल.

साधनाचा फोन आला होता. बायकोने चुगली केली म्हणून तिच्यावर डाफरू नकोस. मीच खोदून विचारलं. तुझी नवी ताडपत्री मार्चपासून कारखान्यात घडी घालून पडली आहे म्हणे. तिचा व्हिडिओ मी पाहिला. कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री अंथरायला चालकाला ढिगावर चढावं लागतं. तू दोन बाजूंना तार, तारेत कड्या आणि मागे कप्पी लावलीस. जमिनीवर उभं राहून दोर ओढला की ताडपत्री आपोआप पसरत जाते. मी व्हिडिओ परत लावून पाहिला. दादा, म्हणजे तुझे वडील, जन्मभर त्या ढिगांवर चढले. त्यांना हे दिसायला हवं होतं.

मग अडलं कुठे? वणीत बबनरावांचे चाळीस ट्रक आहेत आणि त्यांचं यार्ड तुझ्या कारखान्यापासून हाकेच्या अंतरावर. त्यांना ती नेऊन दाखवायची, एवढंच काम. साधना सांगते की आधी चौदा एप्रिल ठरला होता. तो गेला. मग बुद्धपौर्णिमा ठरली. तीही गेली. आता म्हणे अशोक विजयादशमी.

संघर्ष, माझ्या बाबांनी, म्हणजे तुझ्या आजोबांनी, छप्पन साली दीक्षा घेतली आणि मुहूर्त विचारणं कायमचं बंद केलं. माझं लग्न ऐन उन्हाळ्यात, ज्या दिवशी मंडपवाला रिकामा होता त्या दिवशी लागलं. अजून टिकून आहे, तुझे फुवाजी समोर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडताहेत. आणि तू एमबीए शिकून आपल्याच मोठ्या दिवसांचे मुहूर्त करून ठेवलेस! त्या दिवसांचा मान मीच तुला शिकवला. त्यांच्या आड लपायला मी शिकवलं नव्हतं.

बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक होते तेव्हा गाडी भरली म्हणून मी कधी सोडली नाही. वेळ झाली की सोडली. मागे राहिलेले मला शिव्या घालत पुढच्या गाडीने गेले. जगले सगळे.

आता तू सुटणार कधी, ते कळव. कारणं नकोत.

साधनाला व तुला लोभाची आठवण देणारी,
तुझी आत्या
कौसल्या

वणी,
१८ जून २०२४

आदरणीय आत्याबाई यांना संघर्षचा सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र मिळालं. कारणं नकोत म्हणालात, पण ती दिल्याशिवाय उत्तर पुरं होणार नाही.

ताडपत्री अजून पूर्ण नाही. तिला छोटी मोटर बसवायची आहे, म्हणजे दोरही ओढावा लागणार नाही. माहितीपत्रक छापायचं आहे. लॅपटॉपवर सादरीकरण करतोय. नावाची पाटी ठरलेली नाही. साधना म्हणते की पाटीचा निळा रंग मी इतक्यांदा बदलला की आता तिला आकाशही नीट निळं दिसत नाही. ती माझी थट्टा करते, पण आत्या, अर्धवट वस्तू घेऊन बबनरावांपुढे कसं जायचं?

आता खरं लिहितो, कारण फोनवर हे बोलता येत नाही. लहानपणी मी बाबांचा डबा घेऊन त्या यार्डात जायचो. बाबा भिंतीच्या सावलीत जेवायला बसले की बबनराव ऑफिसातून हाक मारत, ‘श्रावण्या, चढ’. बाबा भाकरी फडक्यात गुंडाळून माझ्या हातात देत आणि ट्रकवर चढत. बबनराव वाईट नव्हते. सगळ्यांशीच तसे बोलत. पण भाकर हातात धरून उभा असलेला तो पोरगा माझ्या आतून जात नाही. माझा ताडपत्र्या शिवायचा कारखाना आहे, आठ बायांना मी काम देतो, कर वेळेवर भरतो. तरी त्या फाटकापाशी स्कूटर आली की माझा हात आपोआप हँडल दुसरीकडे वळवतो.

त्यांनी नको म्हटलं तर माझ्याजवळ दुसरं काही नाही. कारखान्यात पडून आहे तोवर ताडपत्री चांगली आहे.

लखन मात्र पिच्छा सोडत नाही. माझा शाळेपासूनचा मित्र, ढाणकीकडच्या तांड्यातला, तुमच्या हातचा तिखटजाळ भुरका खाऊन नाक पुसत बसायचा तो. बबनरावांचाच ट्रक चालवतो. रोज संध्याकाळी येतो आणि म्हणतो की माझ्या गाडीला लावून दे, मालकाला मी सांगतो. मी त्याला मोटर बसेपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

रागावलात तरी चालेल, बोलणं सोडू नका.

आपला,
संघर्ष

वणी,
२ जुलै २०२४

आदरणीय आत्याबाईंना साधनाचा सविनय जयभीम.

वि. वि. हे पत्र मी यांना न सांगता लिहीत आहे.

गेल्या आठवड्यात लखनभाऊजी ट्रकवरून पडले. ताडपत्री बांधायला वर चढले होते, कोळसा ओला होता, पाय सरकला. जीव वाचला. उजवा हात कोपरात मोडला, चंद्रपूरला दवाखान्यात सळई टाकली आहे. डॉक्टर म्हणतात हात बरा होईल, पण गाडी चालवायला किती महिने लागतील ते आत्ता सांगता येणार नाही.

यांनी ऐकलं आणि खाली बसले. त्यानंतर दवाखान्यात गेलेले नाहीत. एकदा निघाले होते. चंद्रपूरपर्यंत पोहोचले, दवाखान्याच्या समोरच्या दुकानातून सफरचंदं घेतली आणि परत आले. सफरचंदं घरातच आहेत. लखनला काय बोलायचं ते नीट ठरलं की जाईन, असं म्हणतात. दिवसभर कारखान्यात त्याच ताडपत्रीची शिवण उसवतात आणि परत घालतात. बाया माझ्याकडे पाहतात. मी काय सांगू?

बबनरावांच्या यार्डात दुसरे चालक रोज वर चढतातच आहेत. पावसाचे दिवस पुढे आहेत. मला झोपेत कोणी ना कोणी पडताना दिसतं.

तुम्ही त्यांना लिहा. पण आत्याबाई, या वेळी रागावू नका. रागावलात तर ते अजून आत जातील.

लोभ असू द्यावा.

तुमची सून,
साधना

नेर,
५ जुलै २०२४

चि. संघर्ष यास आत्याचा जयभीम.

लखनचं कळलं. कोणाकडून कळलं ते विचारू नकोस.

मी रागावलेली नाही. तू मागच्या पत्रात यार्डाबद्दल लिहिलंस, त्याचं उत्तर द्यायचं राहिलं होतं. ते आज देते.

दादा आठवीत शाळेतून निघाला. बाबांना दोघांना शिकवणं झेपत नव्हतं आणि मास्तर म्हणाले होते की मुलगी हुशार आहे. दादा वणीला गेला आणि ट्रकवर चढू लागला. दर महिन्याला यवतमाळला माझ्या वसतिगृहात पैसे यायचे. त्या मनिऑर्डरच्या कागदावर तो दर वेळी एकच वाक्य लिहायचा, की पुस्तकं घे, बांगड्या घेऊ नको. माझी बी.ए. त्या यार्डात झाली. तुला तिथे भाकर धरून उभा असलेला पोरगा दिसतो. मला तिथे माझं कॉलेज दिसतं. मी कधीही त्या फाटकातून ताठ मानेने आत जाईन. तूही जाऊ शकतोस, तुझा हक्क माझ्याइतकाच आहे.

लखन पडला, त्याचं ओझं तुझ्यावर आहे. नाही असं म्हणून मी तुला खोटा धीर देणार नाही. पण ते ओझं घेऊन घरात बसलास तर उद्या दुसरा पडेल. शरमेने बसून राहणं आणि मोटरची वाट पाहत बसून राहणं, यात वर चढणाऱ्या माणसाला काही फरक पडत नाही.

तर हे पत्र वाचून संपलं की चप्पल घाल. लखनकडे जा. बोलायचं काही ठरवू नकोस. जेवलास का, एवढं विचार. पुढे तोच बोलेल, त्याचं तोंड मोडलेलं नाही. मग जशी आहे तशी ताडपत्री घेऊन बबनरावांकडे जा. मोटर नको, पाटी नको.

आणि ती सफरचंदं आता नेऊ नकोस. सडली असतील.

तुझीच,
कौसल्याआत्या

वणी,
१६ जुलै २०२४

आदरणीय आत्याबाई यांना संघर्षचा सविनय जयभीम.

वि. वि. तुमचं पत्र दुपारी आलं. साधना दारात माझी चप्पल घेऊनच उभी होती. दुपारच्याच गाडीने चंद्रपूरला गेलो.

लखनच्या खाटेशी त्याची आई मानीबाई बसली होती. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मी जेवलास का विचारलं. लखन म्हणाला की जेवण बेचव आहे, पण हात मोडलेल्याला जे वाढलं ते मुकाट्याने गिळावं लागतं. मग मला रडू आलं. मी काही ठरवून गेलो नव्हतो, म्हणून अडवताही आलं नाही. तो म्हणाला, “काहून रडून राह्यला? मले पाहून काय होते. ते दोर-कड्या घेऊन मालकाकडं जाय. मी बी येतो.” मानीबाई तेव्हा पहिल्यांदा बोलली. माझ्याकडे न पाहताच म्हणाली की हा परत वर चढणार असेल तर ती त्याचा दुसरा हात स्वतः मोडेल. हे तिने मला ऐकवलं होतं, ते मला कळलं.

त्याला सुट्टी मिळाली आणि दोन दिवसांनी आम्ही यार्डात गेलो. बबनराव प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. खूप म्हातारे झालेत. त्यांनी मला ओळखलं की नाही ते मला अजून माहीत नाही. लॅपटॉप पिशवीत होता, पिशवी खांद्याला. ती मी उघडलीच नाही. ताडपत्री एका भरलेल्या ट्रकवर चढवली. तार आणि कड्या एकदाच बसवाव्या लागतात, तेवढ्यासाठी मी स्वतः वर चढलो, चालकांना चढू दिलं नाही. वरून यार्ड फार लहान दिसतं, आत्या.

दोर लखनने ओढला. उजवा हात झोळीत, डाव्याने ओढत होता. ताडपत्री झकास निघाली आणि अर्ध्यावर अडकली. डावीकडच्या कड्यांत कोळशाची भुकटी गेली होती. चालक हसले. एकाने विचारलं की उरलेल्या कोळशासाठी छत्री सोबत देणार का. मला वाटलं, झालं. पूर्वीचा मी त्याच क्षणी सगळं गुंडाळून घरी आलो असतो आणि पुढचं वर्ष कड्यांवर घालवलं असतं. पण लखनने दोर पायाखाली दाबला, हाताला दोन वेढे दिले आणि हिसका मारला. ताडपत्री टोकापर्यंत गेली.

बबनरावांनी ट्रकभोवती फेरी मारली. मी कड्या बदलतो, मोटर लावतो, असं काहीबाही सांगू लागलो. त्यांनी हाताने थांबवलं आणि एवढंच म्हणाले, “ओढताना वर कोणी चढलं नाई ना? मंग एका गाडीले लावून दे. अडकली तं सांगतो.”

आता ती एका ट्रकवर फिरते आहे. दोनदा अडकली. दोन्ही वेळा ट्रक संध्याकाळी परत आला तेव्हा दुरुस्त केली. मोठ्या कड्या घातल्या, तार थोडी उंच घेतली. घरात बसून मला ते कधीच सुचलं नसतं. अजूनही सकाळी कारखान्यात जाताना भीती वाटते. ती जात नाही. ती घेऊनच जातो.

लखन सध्या माझ्याकडे बसतो. कोणत्या गाडीला काय लागेल ते सांगतो आणि बायांना हसवून काम बिघडवतो. मानीबाईने काल डब्यात माझ्यासाठीही भाकर पाठवली.

तुमचा,
संघर्ष

नेर,
१ सप्टेंबर २०२४

चि. संघर्ष यास आत्याचा सप्रेम जयभीम.

वि. वि. सहाव्या ट्रकला ताडपत्री बसली, हे साधनाने कळवलं. तू कळवायला हवं होतंस. कामात असशील, म्हणून या वेळी सोडते.

एक तक्रार लिहून घे. तुझ्या ताडपत्रीचा मागचा डावा कोपरा वाऱ्यावर फडफडतो. मला कसं कळलं, तर परवा मी औषधं घ्यायला अमरावती रस्त्यावर गेले होते. वणीकडचा कोळशाचा ट्रक चहाच्या टपरीपाशी थांबला. व्हिडिओत पाहिलेली तुझी पिवळी शिवण मी लांबूनच ओळखली. गुडघा विसरून रस्ता ओलांडला.

चालक विशीतला पोरगा होता. त्याने चहा मागितला, ग्लास हातात घेतला आणि ट्रकला वळसा घातला. ताडपत्री सैल झालेली त्याला दिसली. तुझे वडील अशा वेळी चाकावर पाय देऊन वर जायचे, मी किती वेळा खाली उभी राहून पाहिलं आहे. हा पोरगा चाकाकडे वळलासुद्धा नाही. मी तिथेच उभी राहिले तेव्हा त्याने विचारलं की मावशी, काही हरवलं का. मी नाही म्हटलं.

त्याने एका हाताने दोर खेचला, खुंटीला अडकवला आणि दुसऱ्या हातातला चहा प्यायला.

कोपरा लवकर दुरुस्त कर. साधना, लखन आणि मानीबाईंना माझा जयभीम सांग, आणि म्हाताऱ्या आत्यावरचा जीव कमी होऊ देऊ नकोस.

तुझी,
कौसल्याआत्या